वादळात गाडी सापडली तर विम्याचा क्लेम कसा करायचा? गोव्यातल्या नवख्यांसाठी पायऱ्या

मे महिन्याच्या अखेरीस वारा सुटला की आपल्याकडे आधी छपराची काळजी, मग माडांची. गाडी आठवते ती आवाज झाल्यावर. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा राज्यभर झाडं उन्मळून पडली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत सत्तरी-डिचोलीकडे पुराचं पाणी घरांत शिरलं. चक्रीवादळ नसतं तेव्हाही दर पावसाळ्यात कुठे आंब्याची फांदी, कुठे उडालेला पत्रा, कुठे चिऱ्यांचा अख्खा गडगा उभ्या गाडीवर येतोच.

आमच्या घरी कार आणि स्कूटर दोन्हींचे क्लेम झाले आहेत. त्यानंतर वाड्यावरच्या बऱ्याच जणांसोबत बसून मी त्यांचे कागद भरले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस, येतो तेव्हा वादळ निघून गेलेलं असतं, झाड कापून कडेला टाकलेलं असतं, पाणी ओसरलेलं असतं. त्याला दिसते ती फक्त चेपलेली गाडी. ती वादळानेच चेपली हे दाखवणं तुमच्याकडे असतं, आणि तो पुरावा पहिल्या काही तासांतच मिळतो.

१. आधी पॉलिसी उघडा आणि ‘ओडी’ची तारीख बघा

पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. कायद्याने सक्तीची आहे ती एवढीच. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान ‘ओन डॅमेज’ म्हणजे ओडी या भागात येतं. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणं, दरड कोसळणं हे सगळं ओडीच्या मूळ संरक्षणातच असतं, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. नुसती थर्ड पार्टी असेल तर झाड पडल्याचा एक रुपयाही मिळत नाही.

इथे सर्वाधिक लोक फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला ५ वर्षांची आणि नवीन कारला ३ वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. शोरूममध्ये त्याच्या जोडीला ओडी मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाची देतात. कागदावर मोठ्या अक्षरात पाच वर्षांनंतरची तारीख दिसते, आणि माणूस निर्धास्त राहतो. दुसऱ्या वर्षी ओडी संपलेली असते. म्हणून पॉलिसीवर दोन्ही तारखा वेगवेगळ्या शोधा. ओडी संपली असेल तर ती एकटीही घेता येते. पण खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडी तपासते, त्यामुळे वादळाचा इशारा आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. हे काम एप्रिलमध्येच उरका.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. गाडीचे चारही बाजूंनी, टपावरून आणि आतून फोटो काढून ठेवा. सर्व्हेअर जुने पोचे आणि गंज वजा करतो. वादळाआधीचे स्वच्छ फोटो असले की त्या वादाला जागा राहत नाही.

आणखी दोन गोष्टी आधीच तपासा, कारण पुढे त्यावरून क्लेम अडतात.

आरसी आणि पॉलिसी एकाच नावावर हवी. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर विमा आपल्या नावावर करायला कंपनीला १४ दिवसांत लेखी कळवावं लागतं. गाडी वडिलांच्या नावावर होती आणि ते वारले, असं असेल तर वारसाला तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढीच मुदत असते. गोव्यात वारसाहक्काचे कागद, मग ते नोटरीकडचं डीड ऑफ सक्सेशन असो की इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, व्हायला वेळ लागतो. म्हणून ते पुरे होण्याची वाट न पाहता कंपनीला मृत्यूचा दाखला जोडून लेखी कळवून ठेवा आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट भाड्याची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकांना भाड्याने देण्याचा प्रकार किनाऱ्याकडे सर्रास चालतो. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. गाडी त्या वेळी भाड्यावर होती असं निघालं तर क्लेम हातचा गेला म्हणून समजा.

२. पहिल्या तासात गाडीला हात लावण्याआधी

झाडाबरोबर विजेची तार आली आहे का ते लांबूनच बघा. तार दिसली तर वीज खात्याला कळवा, आणि ती काढल्याशिवाय जवळ जाऊ नका. ओल्या अंगणात हा धोका गाडीपेक्षा कितीतरी मोठा आहे. झाड कापायला अग्निशामक दलाचा नंबर १०१, नाहीतर ११२.

गाडी पाण्यात उभी होती तर इंजिन चालू करू नका. पाणी ओसरलं तरी नाही, एकदा बघू म्हणूनही नाही. स्कूटरची किकही मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन फुटतं. कंपनीचं म्हणणं असं, की पुराने इंजिनात पाणी नेलं हे खरं, पण ते फोडलं तुम्ही चालू करून. हे परिणामी नुकसान झालं, ते साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोडसंरक्षण, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण, असतं. पणजीच्या मळा भागात, सांखळीत किंवा नदीकाठच्या कुठल्याही सखल भागात राहत असाल तर मी ते घ्याच म्हणेन. बाकीच्या जोडसंरक्षणांबद्दल मी एवढा आग्रह धरणार नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर भिजली असेल तर चार्जिंगला लावू नका. स्कूटर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा.

३. पुरावा गोळा करा, मगच झाड कापू द्या

फोटो या क्रमाने काढा:

- लांबून, ज्यात घर, झाड आणि गाडी एकत्र दिसेल
- झाड कुठून मोडलं तो बुंधा किंवा उपटलेली मुळं
- गाडीवर फांदी टेकलेली जागा, नंबर प्लेट दिसेल असा
- प्रत्येक पोचा, काच, आरसा जवळून
- आतला भाग आणि मीटरवरचे किलोमीटर

पाणी शिरलं असेल तर दारावर, सीटवर आणि गॅरेजच्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटते, तिचा फोटो घ्या. पाणी कुठपर्यंत चढलं हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. गाडी धुऊन काढायची घाई केली की ती रेघ पुसली जाते.

रस्ता अडला असेल तर अग्निशामक दलाचे लोक थांबू शकत नाहीत आणि त्यांना थांबवूही नये. पण करवत लागण्याआधी मिनिटभराचा व्हिडिओ नक्की निघतो. नंतर त्या केंद्रावर अर्ज देऊन त्या दिवशीच्या कामाची नोंद किंवा दाखला मागा. अर्जात तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लिहा.

झाड घरावरही पडलं असेल आणि तलाठी पंचनाम्याला आले असतील तर त्यात गाडीचा नंबरही नोंदवायला सांगा. दोन ओळींचं काम आहे, पण सरकारी कागदावर ती नोंद पुढे फार उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशीचा पेपरही ठेवा. तालुक्यातल्या पडझडीची बातमी त्यात असतेच.

पोलिसांत तक्रार हवीच का, असं सगळे विचारतात. उभ्या गाडीवर झाड पडलं, कुणाला इजा नाही, तर सहसा लागत नाही. कुणी जखमी झालं असेल तर मात्र आधी पोलीस.

४. कंपनीला कळवा, आणि सगळीकडे एकच हकिगत सांगा

ओडीचा क्लेम ताबडतोब कळवायचा असतो. वादळानंतर वीज नसते, नेटवर्क नसतं, हे खरं. टाळता न येण्यासारख्या उशिरासाठी खरा क्लेम नाकारू नये असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलेलं आहे. तरी उशीर का झाला ते लेखी कळवा. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. क्लेम नंबर हातात आला की कळवलं.

कॉल सेंटरवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, आणि पुढे ते फॉर्मशी ताडून बघतात. म्हणून बोलण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून घ्या. उदाहरणार्थ, ‘अमुक तारखेला रात्री सुमारे अमुक वाजता वादळी वाऱ्यात अंगणातील आंब्याची फांदी मोडून उभ्या असलेल्या गाडीवर पडली.’ फोनवर, फॉर्मवर आणि सर्व्हेअरसमोर हेच वाक्य. फॉर्ममध्ये चालकाचा रकाना असतो. गाडी उभी होती तर तिथे ‘गाडी उभी होती, चालक नव्हता’ असं लिहा. रकाना भरायचा म्हणून मुलाचं नाव लिहिलं, आणि मग त्याच्या लायसन्सवरून प्रश्न सुरू झाले, हे मी पाहिलं आहे.

५. कागदपत्रं

- सही केलेला क्लेम फॉर्म
- पॉलिसीची प्रत
- आरसी
- मालकाचं पॅन आणि आधार
- रद्द केलेला चेक
- गॅरेजचं एस्टिमेट, नंतर बिल आणि पैसे भरल्याची पावती
- फोटो, दाखला, पंचनामा यांपैकी जे असेल ते
- गाडी चालवताना नुकसान झालं असेल तर चालकाचं लायसन्स
- कर्ज असेल तर बँकेचं नाव आरसीवर आहे तसंच

पीयूसी संपली होती म्हणून क्लेम नाकारला असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. तेवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हा खुलासा आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्ये केलेला आहे. पीयूसी काढून ठेवावीच, पण ती वेगळी गोष्ट.

६. गॅरेज आणि सर्व्हे

कंपनीच्या यादीतलं गॅरेज निवडलं तर कॅशलेस होतं, म्हणजे कंपनीचा वाटा ती थेट गॅरेजला देते. बाहेरच्या गॅरेजात आधी तुम्ही भरायचे, मग परत मिळतात. मोठ्या वादळानंतर यादीतल्या गॅरेजांसमोर रांग लागते, तेव्हा आपल्या ओळखीच्या चांगल्या मेस्त्रीकडे नेणंही वाईट नाही. फक्त त्याच्याकडे जीएसटीचं पक्कं बिल मिळेल ना, एवढं विचारा. गाडी ओढून नेण्याचा खर्च मूळ पॉलिसीत कारसाठी १,५०० आणि दुचाकीसाठी ३०० रुपयांपर्यंतच मिळतो. क्रेनवाल्याशी दर आधी ठरवा.

सर्व्हे होईपर्यंत काहीही खोलायचं नाही. नुकसान मोठं असेल तर परवानाधारक सर्व्हेअर येतो. लहान असेल तर कंपनीचा माणूस मोबाइलच्या व्हिडिओवरच बघतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. या तारखा वहीत लिहून ठेवा.

सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहा. बॉनेट उघडल्यावर किंवा टपाचं अस्तर काढल्यावर आतलं नुकसान दिसतं, ते पहिल्या एस्टिमेटमध्ये नसतं. अशा वेळी काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यायचं, सर्व्हेअरला पुन्हा दाखवायचं आणि मगच पुढे जायचं. काढलेले जुने पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. सर्व्हेअर ते मागून बघतो.

७. हिशेब: पूर्ण बिल मिळत नाही

‘झिरो डेप्रिसिएशन’ हे जोडसंरक्षण नसेल तर बदललेल्या पार्टवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापतात. काचेवर काहीच नाही. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के. लोखंडी पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याचा अर्धा कापतात. मजुरी पूर्ण मिळते.

साडेचार वर्षांची १,२०० सीसीची कार धरा. पुढची काच ९,००० – मिळतील ९,०००. बॉनेट आणि फेंडर २०,००० – मिळतील १३,०००. बंपर ८,००० – मिळतील ४,०००. मजुरी १०,००० – पूर्ण. रंग १६,००० – मिळतील १४,०००. बिल ६३,००० चं, मान्य झाले ५०,०००. त्यातून सक्तीची वजावट १,००० (दीड हजार सीसीवरच्या कारला २,०००, दुचाकीला १००). हाती ४९,०००. खिशातून गेले १४,०००. हे आधी माहीत असलं म्हणजे गॅरेजच्या काउंटरवर भांडण होत नाही.

आता लहान नुकसानाबद्दल. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांसाठी ओडी प्रीमियमवर मिळणारी सवलत, शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. तुमचा बोनस ५० टक्के असेल तर पुढच्या पाच वर्षांत मिळून बोनस धरण्याआधीच्या एका वर्षाच्या ओडी प्रीमियमच्या सव्वापट सवलत जाते. तो प्रीमियम ८,००० असेल तर सुमारे १०,००० रुपये. म्हणून त्या कारचा ७-८ हजारांचा क्लेम मी करणार नाही, आणि झावळ पडून स्कूटरचा आरसा-इंडिकेटर फुटला तर अजिबातच नाही. बोनस वाचवणारं जोडसंरक्षण असेल तर गोष्ट वेगळी.

८. गाडी पूर्णच गेली तर

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ‘टोटल लॉस’ धरतात. माड आडवा पडून टप सीटपर्यंत बसला, की बहुधा हेच होतं. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात, उरलेले तुम्हाला.

मोडकी गाडी कोण घेणार, हे नीट ठरवा. कंपनी भंगारवाल्याकडून किंमत मागवते आणि ती वजा करून बाकी रक्कम देऊ म्हणते. तसं मान्य केलंत तर गाडी तुमच्या नावावरच राहते. ती कुणीतरी घेऊन जातो आणि आरसी तशीच राहिली, तर पुढे त्या नंबरवर काय होईल ते निस्तरायला तुम्ही. नावबदल झाल्याशिवाय किंवा आरसी आरटीओकडे रद्द झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाऊ देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली तर आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं.

‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर रक्कम वाचल्याशिवाय सही नको. कोरा व्हाउचर कुणी पुढे केला तर परत द्या.

९. नाकारलं किंवा कमी दिलं तर

पहिलं, कारण लेखी मागा, आणि सर्व्हे अहवालाची प्रतही. फोनवरचं ‘होत नाही’ म्हणजे नकार नव्हे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. पत्र लहान ठेवा: पॉलिसी आणि क्लेम नंबर, काय घडलं ते एक वाक्य, कंपनीने दिलेलं कारण, ते का चूक आहे, आणि किती रक्कम हवी. सोबत फोटो.

आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, किंवा १५५२५५ वर फोन करून.

एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी जाता येतं, फी नाही, वकीलही लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. तुम्ही आधी ग्राहक आयोगात गेला असाल तर त्याच विषयावर लोकपाल ऐकत नाहीत, म्हणून क्रम हाच ठेवा. लोकपालांचा निर्णय मान्य झाला नाही तर उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथे मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती क्लेम नाकारल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून नकाराचं पत्र आलेलं पाकीट शिक्क्यासकट फाइलमध्ये लावा.